न्यू जर्सीत आडवाटेनं गणिताची बाई होताना

न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत शिकवायला बी.एड. लागत नाही, हे घरी कुणाला सांगितलं की दोन प्रकारची माणसं दिसतात. ज्यांच्या घरात शिक्षक नाहीत ती म्हणतात, "बरंय की मग, सोपं काम." ज्यांच्या घरात शिक्षक आहेत ती जरा थांबून विचारतात, "मग शिकवायचं कसं, हे शिकवतं कोण?" माझी मावसबहीण दुसऱ्या गटातली. बी.एड. करून, टीईटी पास होऊन ती तेव्हा शिक्षकभरतीची वाट बघत होती, आणि मी एम.एस्सी.च्या जोरावर अमेरिकेत गणिताची बाई होण्याच्या खटपटीत होते. "म्हणजे मला सगळं येतं पण वर्ग नाही, आणि तुला काही येत नाही पण वर्ग मिळणार," असं ती म्हणाली होती. चिडून नाही, पण गमतीतही नाही.

या वाटेला इथे 'अल्टरनेट रूट' म्हणतात. १९८० च्या दशकात टॉम केन गव्हर्नर असताना न्यू जर्सीनं ती सुरू केली. तोवर शिक्षक मिळाला नाही की शाळा 'इमर्जन्सी' परवान्यावर मिळेल त्याला वर्गात उभं करायच्या. त्यापेक्षा विषय पक्का असलेला पदवीधर घ्यावा आणि नोकरीत असतानाच त्याला अध्यापन शिकवावं, असा विचार त्यामागे होता. आजही इथे शिक्षक होण्याची दोन दारं आहेत. कॉलेजातच शिक्षणशास्त्र घेऊन, 'स्टुडंट टीचिंग', म्हणजे शाळेत शिकवण्याचा सराव, करून जे बाहेर पडतात त्यांना 'अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग'वालं प्रमाणपत्र मिळतं. आमच्यासारख्यांना मिळतं ते नुसतं 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी', बोलण्यात 'सीई'. सीई हातात आलं म्हणजे तुम्ही शिक्षक झालात असं नाही. नोकरी शोधायची परवानगी मिळाली, एवढंच. नोकरी लागली की 'प्रोव्हिजनल', आणि दोन वर्षं नीट पार पडली की 'स्टँडर्ड', म्हणजे कायमचं.

मी २०११ साली लग्न होऊन इकडे आले. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, तेव्हा नोकरी करताच येत नसे. मे २०१५ पासून, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला असेल तर, आम्हा बायकांना वर्क परमिट मिळायला लागलं. मग काही वर्षं एका विमा कंपनीत एक्सेलचे रकाने भरले. रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालणाऱ्या मराठी शाळेत शिकवायचे. तिथली पोरं आईबापांनी गाडीत घालून आणलेली. तरी त्या दीड तासात मला जे वाटायचं ते आठवडाभराच्या एक्सेलमध्ये वाटत नसे. २०२१ मध्ये शाळा पुन्हा पूर्णवेळ सुरू झाल्या, तेव्हा बदली शिक्षकांचा इतका तुटवडा होता की जो तो 'सब' शोधत होता. मी काउंटीचा सब्स्टिट्यूटचा परवाना काढला, बोटांचे ठसे दिले आणि आठवड्यातले एकदोन दिवस जायला लागले. याच काळात एका शाळेतल्या गणित विभागाच्या सुपरवायझरनी विचारलं, "तुमचं शिक्षण काय?" एम.एस्सी. गणित म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग सब म्हणून काय करताय?"

आता कागद. ही सगळी वाट कागदांवरूनच सुरू होते आणि आपल्याकडून आलेल्या माणसाचा पहिला दम तिथेच निघतो. परदेशी पदवी असली की ती नॅसेस या संघटनेच्या सभासद असलेल्या एखाद्या एजन्सीकडून तपासून घ्यावी लागते, तीही 'कोर्स-बाय-कोर्स': प्रत्येक विषयाचं नाव, त्याची इथली क्रेडिट्स, त्याची श्रेणी. गणिताच्या शिक्षकाला गणिताची किमान ३० क्रेडिट्स लागतात आणि त्यातली १२ वरच्या पातळीची हवीत. शिवाय आपली तीन वर्षांची बी.एस्सी. इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरायची की नाही, यावर वेगवेगळ्या एजन्सी वेगवेगळं बोलतात. माझी एम.एस्सी. होती म्हणून तो प्रश्न सुटला. फक्त बी.एस्सी. असलेल्या एका मैत्रिणीला आणखी कोर्स करावे लागले.

माझी अडचण वेगळीच निघाली. एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर विषयांची नावं होती, पण बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर होतं 'गणित पेपर १', 'गणित पेपर २'. पेपर १ मध्ये कॅल्क्युलस होतं की बीजगणित, हे त्या कागदावरून देवालाही कळलं नसतं. म्हणजे त्या सालचा अभ्यासक्रम हवा, विद्यापीठाच्या सही-शिक्क्यानिशी, आणि ट्रान्सक्रिप्टसुद्धा विद्यापीठानंच बंद पाकिटात, पाकिटाच्या झाकणावर शिक्का मारून पाठवलेलं. भाऊ रजा काढून विद्यापीठात गेला. एका खिडकीवर चलन, दुसऱ्या खिडकीवर अर्ज, तिसऱ्या खिडकीवरच्या बाई जेवायला गेलेल्या. जुना अभ्यासक्रम कार्यालयात सापडेना. शेवटी तो मिळाला माझ्या कॉलेजच्या गणित विभागातल्या कपाटात, एका निवृत्त सरांनी बाइंडिंग करून ठेवलेला. त्या सरांना हे कळवलं तर म्हणाले, "कधीतरी कुणाला लागेल म्हणून ठेवलं होतं." मूल्यमापनाचा अहवाल आला तेव्हा माझा साठ-बासष्ट टक्क्यांचा पहिला वर्ग इथल्या 'ए'मध्ये बसला होता. ज्या पेपरांना मी आयुष्यभर 'थोडक्यात हुकलं' म्हणत आले होते, ते एका सहीसरशी उत्तम झाले.

परीक्षा प्रॅक्सिसच्या, म्हणजे शिक्षकांच्या पात्रता परीक्षा. तेव्हा आधी 'प्रॅक्सिस कोअर' द्यावी लागे: वाचन, लेखन, गणित. करोनामुळे ती घरूनही देता यायची. पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून खोलीभर नजर फिरवायला सांगतो, टेबलाखालीही. भिंतीवर लावलेलं कालनिर्णय त्याला खटकलं, आकडे आहेत म्हणून, ते उतरवलं. लेखनात दोन निबंध होते, एक स्वतःचं मत मांडण्याचा आणि एक दिलेल्या उताऱ्यांच्या आधारे. आपल्याकडे निबंधात सुभाषितांनी सुरुवात करायची सवय असते. इथे पहिल्या परिच्छेदात मुद्दा सांगितला नाही तर परीक्षक पुढे जात नाही. ही कोअरची अट जानेवारी २०२५ पासून न्यू जर्सीनं काढूनच टाकली. त्यावर बरीच ओरड झाली, 'आता अशिक्षितांना शिक्षक करणार' वगैरे. विषयाची प्रॅक्सिस अजून आहेच. गणिताच्या शिक्षकाची पात्रता त्या दोन निबंधांवर कधीच ठरत नव्हती, असं माझं मत आहे.

विषयाची परीक्षा मात्र गंभीर. गणिताच्या प्रॅक्सिसमध्ये तीन तासांत ६६ प्रश्न: बीजगणित, फलनं, कॅल्क्युलस, भूमिती, संभाव्यता, संख्याशास्त्र. त्यातलं गणित मला जड नव्हतं. जड होता पडद्यावरचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. मी लॉग टेबलवर वाढलेली. परीक्षेत कॅल्क्युलेटर नेणं म्हणजे कॉपी, असं डोक्यात बसलेलं. इथे प्रश्नच असे रचलेले की आलेख काढून छेदनबिंदू शोधला तर दीड मिनिटात उत्तर, कागदावर करत बसलात तर पाच मिनिटं. तेव्हा तो कॅल्क्युलेटर मी एखाद्या वाद्यासारखा रियाज करून हाताखाली आणला.

या सगळ्यात एक परीक्षा अशी, जिच्यावर आमच्या घरी अजून विनोद होतात. न्यू जर्सीत प्रत्येक शिक्षकाला, मग तो गणिताचा असो की चित्रकलेचा, शरीरशास्त्र आणि आरोग्य यांची पात्रता दाखवावी लागते. कॉलेजात तसा कोर्स केला नसेल तर काउंटीच्या शिक्षण कार्यालयात जाऊन छोटीशी लेखी परीक्षा द्यायची. जीवनसत्त्वं, संसर्गजन्य रोग, दारू आणि अमली पदार्थ. बारावीनंतर प्रथमच मी यकृताचं कार्य पाठ केलं.

मग ५० तासांचं पूर्वप्रशिक्षण. सीई मिळण्याआधी एवढंच अध्यापनशास्त्र सक्तीचं असतं, बाकी ३५० तास नोकरी लागल्यावर. एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, हा वर्ग होता. काही तास प्रत्यक्ष, काही झूमवर, काही एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसून निरीक्षण. वर्गात औषध कंपनीतून बाहेर पडलेला एक केमिस्ट होता, बँकेतली नोकरी सोडलेली एक बाई, संगीताची पदवी घेतलेला आणि आतापर्यंत लग्नांत पियानो वाजवणारा एक माणूस, आणि नुकतीच मे महिन्यात कॉलेजातून बाहेर पडलेली दोन पोरं. ती दोघं सगळ्यांत धीट. आमच्यासारख्यांना आधीचं काहीतरी सोडून यायचं होतं, त्यांना सोडायला काहीच नव्हतं.

पन्नास तासांत काय होतं? पाठाचं उद्दिष्ट मोजता येईल असं लिहायचं. 'समजेल' असं लिहायचं नाही, 'सोडवून दाखवेल' असं लिहायचं. आयईपी म्हणजे काय, ५०४ म्हणजे काय, म्हणजे कायद्यानं कोणत्या मुलाला काय सवलत द्यावीच लागते. छळवणुकीविरुद्धचा २०११ चा कायदा आणि शिक्षकाच्या कानावर काही आलं तर त्यानं कुणाला आणि कधी कळवायचं. या सगळ्या गोष्टी लागतात. पण मुलं ऐकेनाशी झाली की काय करायचं, यावर एक सायंकाळ होती. एकच.

त्या रात्री मी मावसबहिणीला फोन लावला. तिनं तिच्या पाठ टाचणाच्या वह्या काढल्या. हर्बार्टची पंचपदी, सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, फलकलेखनाचं कौशल्य वेगळं, प्रश्न विचारण्याचं वेगळं. आम्ही माझा इथला नमुना आणि तिचं टाचण समोरासमोर ठेवलं. इथलं 'डू नाऊ', म्हणजे तास सुरू होताच सोडवायला दिलेलं छोटं काम, तिच्याकडे प्रस्तावना होती. इथलं 'एक्झिट टिकेट', म्हणजे तास संपताना कागदाच्या चिठोऱ्यावर एक प्रश्न सोडवून देणं, तिच्याकडे मूल्यमापनात. "नावं बदललीत फक्त," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण आमचे पाठ व्हायचे ते कॉलेजनं ठरवून दिलेल्या वर्गांवर. मुलांना माहीत असायचं की या बी.एड.च्या ताई आहेत, आठवड्यानं जाणार." तिच्या शिक्षणात काय राहून गेलं होतं, हे तिला नेमकं माहीत होतं. माझ्या शिक्षणात काय नाही, हे अजून कळायचं होतं.

नोकरीचे अर्ज उन्हाळ्यात केले. गणिताला इथे मागणी आहे म्हणतात ते खरं, तरी सीईवाल्याला घ्यायला शाळा बिचकते, कारण त्याला सांभाळायची जबाबदारी तिच्यावर येते. मिडलसेक्स काउंटीतल्या एका हायस्कूलनं डेमो लेसनला बोलावलं. समोर मुलं नव्हती, सुट्टी होती. मुलांच्या जागी समितीच. चढ, म्हणजे स्लोप, वीस मिनिटांत शिकवा म्हणाले. मी रिक्षाचं मीटर घेतलं: बसताच ठरावीक भाडं, मग दर किलोमीटरला इतके. आपल्या 'एमएक्स अधिक सी'ला इथे 'एमएक्स अधिक बी' म्हणतात. तो 'बी' म्हणजे रिक्षात पाय ठेवताक्षणी दिसणारा आकडा. एकानं विचारलं, "आणि मुलांना हे कळलं हे तुम्हाला कसं कळणार?" मी म्हटलं, उलटा प्रश्न देईन: दोन प्रवासांची भाडी सांगून सुरुवातीचा आकडा काढायला लावीन. त्या उत्तरानं नोकरी मिळाली असावी, असं मला वाटतं. रिक्षा त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल.

सप्टेंबर २०२२. नववीचं अल्जिब्रा वन, पाच वर्ग. एका वर्गात माझ्याबरोबर विशेष शिक्षणाची सहशिक्षिका, कारण त्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना आयईपी होतं. मुलांना माझं आडनाव जमेना, तर पहिल्याच आठवड्यात ते पहिल्या अक्षरावर आलं आणि मग नुसतं 'मिस'. आपल्याकडे बाई वर्गात आल्या की मुलं उभी राहतात. इथे बाईनंच दाराशी उभं राहायचं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारायची. हे मला माझ्या मेंटॉरनं सांगितलं. तिनं सांगितलेल्या गोष्टी अशाच असायच्या, छोट्या आणि लगेच करता येण्याजोग्या. ते बोलत असतील तोवर तू बोलू नकोस. बसायच्या जागा तू ठरव, त्यांना ठरवू देऊ नकोस. घरी पहिला फोन तक्रारीचा करू नकोस, काहीतरी चांगलं सांगायला कर; दुसऱ्या फोनला आईबाप ऐकतात.

नव्या प्रोव्हिजनल शिक्षकाला ३० आठवडे मेंटॉर असतो, आणि सीईवाल्यानं पहिले आठ आठवडे त्याला दर आठवड्याला भेटायचंच असा नियम आहे. या मेंटॉरचे पैसे नव्या शिक्षकाच्याच पगारातून कापले जातात. शिक्षणशास्त्र शिकून आलेल्याला ५५० डॉलर, आमच्यासारख्याला १००० डॉलर. हे पैसे मला वसूल झाले, पण नवख्याच्या पहिल्या वर्षाच्या पगारातून हे कापणं मला आजही पटत नाही. दवाखान्यात लागलेला नवा डॉक्टर वरिष्ठांना फी देत नाही.

आणि संध्याकाळी मी विद्यार्थिनी. राहिलेले ३५० तास आठवड्यातल्या एका संध्याकाळी आणि काही शनिवारी असायचे, दोन शालेय वर्षं. या वाटेचा सगळा विचित्रपणा इथे आहे. मंगळवारी सकाळी एक मुलगा पेपर फाडून निघून जातो. आघातातून गेलेल्या मुलांशी कसं वागायचं, हे प्रकरण अभ्यासक्रमात येतं फेब्रुवारीत. अपूर्णांक न येणाऱ्या नववीच्या मुलाला समीकरणं कशी शिकवायची, हे आम्ही पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात शिकलो, म्हणजे परीक्षा झाल्यावर. पण उलटही होतं. तिथले प्राध्यापक एखादी संकल्पना सांगायचे आणि खोलीतल्या प्रत्येकाला एक चेहरा आठवायचा. मावसबहिणीनं तेच पुस्तकातून वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तिला चेहरा नव्हता. केमिस्ट एकदा मध्येच म्हणाला, "थांबा, म्हणजे माझ्या तिसऱ्या तासाचा तो मुलगा हे करतोय तर." त्या दिवशी पुढचा सगळा वर्ग त्या मुलावर झाला, आणि त्या दिवसाइतकं मी क्वचितच शिकले.

पहिल्या वर्षी आमच्या डोक्यावर एडटीपीएची टांगती तलवार होती. स्वतःच्या वर्गाचं चित्रीकरण करायचं, त्यातला तुकडा निवडायचा, त्यावर पानंच्या पानं विश्लेषण लिहायचं, मुलांच्या वह्यांचे नमुने जोडायचे, ३०० डॉलर भरायचे, आणि कुणीतरी कुठेतरी बसून १५ निकषांवर गुण देणार. प्रत्येक पालकाची चित्रीकरणाला संमती हवी. त्या फॉर्मचं स्पॅनिश भाषांतर मी करून घेत होते तेवढ्यात डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं कायदा करून ती अटच काढली. आमच्या संध्याकाळच्या वर्गात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण चित्रीकरणाचा सराव म्हणून फोन वर्गाच्या कोपऱ्यात एकदा लावला होता, तो तुकडा मी ठेवला आहे. सहशिक्षिका प्रश्न विचारल्यावर किती वेळ गप्प राहते, हे मला त्यात दिसलं. वर्गात असताना ती शांतता मला लांबलचक वाटायची. चित्रफितीत मोजली तर सहा-सात सेकंद. आणि त्या सहा-सात सेकंदांनंतर हात वर करणारी मुलं ती, जी एरवी करत नाहीत.

गणिताविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. हिवाळ्यात इक्वाडोरहून आलेला एक मुलगा वर्गात दाखल झाला. इंग्रजी जवळजवळ नाही. भागाकार दिला की त्याची मांडणी पाहून शेजारची पोरं हसायची, कारण तो भाजक उजवीकडे लिहायचा आणि भागाकार त्याच्याखाली. इथली पद्धत म्हणजे भाजक डावीकडे, भागाकार वर डोक्यावर. मी फळ्यावर तिसरी पद्धत लिहिली, माझी: भाजक डावीकडे कंसात, भाज्य मध्ये, भागाकार उजवीकडच्या कंसाबाहेर. तिन्हींत उत्तर एकच. मग प्रत्येकानं घरी जाऊन आजी-आजोबांना त्यांची पद्धत विचारून यायची, असा गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी फळा भरला. अर्धा तास अभ्यासक्रमाबाहेर गेला, पण त्या मुलाला त्यानंतर कुणी हसलं नाही, आणि भागाकार न येणारी निदान चार पोरं या निमित्तानं भागाकार शिकली. हे मला कुठल्याही तासात शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या मांडणीत वाढल्याचा तेवढा उपयोग झाला.

ज्याची तयारी कुठल्याच वाटेनं होत नाही, अशीही एक गोष्ट आहे. न्यू जर्सीत कायद्यानं दर महिन्याला एक आगीची आणि एक सुरक्षेची कवायत होते. सुरक्षेची म्हणजे बहुधा लॉकडाउन: दार कुलूपबंद, दिवे बंद, मुलं दारातून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात. मुलांना बालवाडीपासूनची सवय, ती निमूट जाऊन बसतात, एखादा फोनवर खेळतो. मला पहिल्या खेपेस हातातल्या जुडग्यातली किल्ली कुलपात धड जाईना. एका मुलीनं उठून मला दाखवलं, "मिस, ही नाही, ही." मावसबहिणीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

निरीक्षणं वर्षाला तीन. कायम न झालेल्या शिक्षकाला तेवढी होतातच. निरीक्षकाजवळ चार भागांची चौकट असते: तयारी, वर्गाचं वातावरण, प्रत्यक्ष अध्यापन, व्यावसायिक जबाबदाऱ्या. प्रत्येकाला चारपैकी श्रेणी. वर्षाअखेरीस एकूण श्रेणी 'इफेक्टिव्ह' किंवा त्याहून वरची यावी लागते, आणि स्टँडर्डसाठी तीन वर्षांत अशी दोन वर्षं हवीत. पहिल्या निरीक्षणाच्या आधी मी रात्रभर जागले. तिसऱ्याच्या वेळी निरीक्षक मागे येऊन बसले हे अर्ध्या तासानं लक्षात आलं. दुसरं वर्ष त्या मानानं बरंच सपाट गेलं. मी तेच धडे पुन्हा शिकवत होते आणि पोरं कुठे अडखळणार हे आधीच माहीत होतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात स्टँडर्ड प्रमाणपत्र आलं. पोस्टानं काही येत नाही, पोर्टलवर स्थिती बदलते आणि स्वतःच छापून घ्यायचं. संध्याकाळच्या वर्गातली ती धीट पोरं होती ना, त्यातला एक पहिल्याच डिसेंबरात सोडून गेला. बँकेतली बाई पहिलीला शिकवते आणि मजेत आहे. केमिस्टनं शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा उभी केली.

इकडे मावसबहिणीनं २०२३ च्या टेट परीक्षेत, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणीत, चांगले गुण मिळवले, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले, याद्या लागण्याची वाट पाहिली, आणि आता ती एका माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक आहे, महिना १८,००० रुपये मानधनावर. हे मानधनही २०२३ मध्ये वाढलेलं, त्याआधी ८,००० होतं. तीन वर्षं असं काढल्यावर तिला नियमित वेतनश्रेणी लागेल. मला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार होता, मेंटॉरचे कापून. हा फरक आम्ही दोघी एकमेकींशी बोलताना शक्यतो टाळतो. बाकी सगळं बोलतो. परवा तिनं तिच्या आठवीच्या वर्गात एक्झिट टिकेट सुरू केलं. मुलं त्याला 'निघायची चिठ्ठी' म्हणतात.

इथल्या मराठी बायका अलीकडे फोन करून विचारतात, त्यांना मी जे सांगते ते असं. भारतातून येतानाच, निदान पुढच्या फेरीत, गुणपत्रिकांबरोबर त्या त्या वर्षाचा अभ्यासक्रम शिक्का मारून घेऊन या. मूल्यमापनाला आधी टाका, कारण वेळ तिथेच जातो, आणि ३० क्रेडिट भरत नसतील तर कम्युनिटी कॉलेजात काय घ्यायचं हे तेव्हाच कळतं; मात्र वरच्या पातळीची १२ कम्युनिटी कॉलेजात मिळत नाहीत, त्यासाठी चार वर्षांचं कॉलेज लागतं. विषयाची प्रॅक्सिस ५० तासांच्या आधी देऊन मोकळ्या व्हा. भौतिकशास्त्र शिकवायचं असेल तर भौतिकशास्त्राबरोबर सामान्य विज्ञानाचीही परीक्षा द्यावी लागते, हे ध्यानात ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी काही महिने सब म्हणून जा. पदवी असली की त्या परवान्याला दुसरं फारसं लागत नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला, दुसऱ्याच्या वर्गात, ज्यांना तुमचं नाव माहीत नाही अशा पंचवीस पोरांसमोर उभं राहून बघा. सोमवारी परत जावंसं वाटलं तर मग पाकिटावर शिक्का मारायला भावाला पाठवा.